बॉनेटखालची तुळई

कौलारू घरात वासे आढ्यावरून दोन्ही बाजूंना उतरतात आणि कौलांचा भार भिंतींवर आणून टाकतात. तो भार भिंतींना नुसता खाली दाबत नाही, बाहेरही ढकलतो. म्हणून एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत आडवी तुळई टाकायची. ती नसेल तर काही पावसाळ्यांत भिंती पोट काढतात. पनवेलच्या जुन्या वाड्यांपैकी जे थोडे उरले आहेत, त्यांत मान वर करून पाहिले की हे शास्त्र दिसते.

माझ्या भाच्याने आपल्या छोट्या, पण अंगात रग असलेल्या गाडीसाठी लाल रंगाचा एक दांडा आणला, तेव्हा मला हीच तुळई आठवली. बॉनेट उघडल्यावर डाव्या-उजव्या शॉकअपच्या डोक्यांना जोडणारा दांडा. इंग्रजीत त्याला स्ट्रट ब्रेस म्हणतात. “मामा, ह्याने गाडी वळणाला चिकटते,” असे त्याचे म्हणणे. चिकटते म्हणजे काय होते, हे विचारल्यावर मात्र तो गप्प झाला. मग मीच शोधायला बसलो.

अशा गाड्यांचे आणि महाराष्ट्राचे नाते जुने आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून 2001 साली पॅलिओ आली, तिची 1.6 लिटरची आवृत्ती अजूनही शौकिनांच्या बोलण्यात असते. चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआय 2013 मध्ये आली, आणि 2015 मध्ये रांजणगावहून 145 अश्वशक्तीची अबार्थ पुंटो. तिन्ही घरगुती हॅचबॅक, फक्त इंजिन दांडगे. म्हणजे सांगाडा बाजारहाटाचा आणि ताकद शर्यतीची. दांड्याचा प्रश्न या विजोडपणातून निघतो.

ट्रकला खाली वेगळी लोखंडी चौकट असते. कळंबोलीच्या लोखंड बाजारात रांगेने उभ्या असलेल्या गाड्यांखाली वाकून पाहा, ती दिसेल. छोट्या मोटारीला अशी चौकट नसते. पत्र्याचे भाग जोडून केलेली पेटी हाच तिचा सांगाडा. इटलीच्या लान्चिया लाम्ब्डाने 1922 मध्ये ही वाट दाखवली आणि पुढे जगाने ती धरली. पण पेटीची ताकद झाकणात असते. बुटांचा रिकामा खोका झाकण काढून दोन्ही टोकांना पिळून पाहा, सहज मुरगळतो. इंजिनची जागा ही अशीच बिनझाकणाची पेटी आहे. बॉनेट हे झाकण नव्हे, बिजागरीवर ठेवलेला पत्रा आहे.

त्यात भर पडली अर्ल मॅकफर्सनच्या रचनेची. फोर्डच्या 1949 च्या व्हेडेट गाडीपासून ती रस्त्यावर आली. प्रीमियर पद्मिनीला पुढच्या प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म होते. मॅकफर्सनने वरचा आर्म काढून टाकला आणि शॉकअपलाच खांब बनवले. स्वस्त, आटोपशीर. मारुती 800 पासून आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या याच खांबांवर उभ्या आहेत. पण त्यामुळे पूर्वी आर्मने सोसलेला आडवा जोर आता खांबाच्या डोक्यावर, म्हणजे बॉनेटखालच्या पत्र्याच्या बुरुजावर येतो.

किती येतो? समजा खालचा जोड जमिनीपासून 20 सेंटिमीटरवर आहे आणि खांबाचे डोके 80 वर. वळणावर रस्ता टायरला आत ढकलतो. तरफेचा हिशेब मांडला तर त्या जोराचा साधारण तिसरा हिस्सा बुरुजाला वळणाच्या बाहेरच्या दिशेने रेटतो. (गाडीच्या वजनाचा परिणाम येथे सोडून दिला आहे.) आता गंमत अशी की दोन्ही बुरुज एकाच दिशेला रेटले जातात, फक्त बाहेरच्या चाकावर भार जास्त म्हणून तिकडचा बुरुज जास्त. म्हणजे आपली तुळईची उपमा येथे थोडी लंगडी पडते. घरात भिंती एकमेकींपासून दूर ढकलल्या जातात, येथे दोघी एकाच बाजूला कलतात. दांडा तो कल थांबवत नाही. जास्त दमलेल्याचा भार कमी दमलेल्याकडे थोडा सरकवतो, इतकेच. दांड्याच्या जाहिराती हे सांगत नाहीत.

त्यातही दांडा कसा आहे यावर सगळे. सरळ नळी आपल्या लांबीत अतिशय कडक असते. पण इंजिनला वळसा घालायला तीच नळी बाकदार केली की ती धनुष्यासारखी लवते. ॲल्युमिनियम हलके खरे, पण तेवढ्याच जाडीच्या पोलादाच्या साधारण एक तृतीयांश कडक. आणि टोकांना सैल बिजागरीसारखे बोल्ट असतील तर पहिला जोर ते ढिलेपण भरण्यातच जातो. भाच्याचा दांडा पोलादी निघाला, बाक थोडा होता. रंगाचे पैसे वेगळे घेतले असावेत.

बसवायला आम्ही ओळखीच्या मिस्त्रींकडे गेलो. ते येईपर्यंत भाच्याने जॅक लावला होता. मिस्त्रींनी आधी तो काढायला लावला. चाके लोंबकळत असताना बुरुज वेगळ्या ठिकाणी असतात, तेव्हा कसलेला दांडा गाडी खाली टेकताच ताणात येतो. गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकांवर हवी. मग भाच्याने पाना उचलला आणि शॉकअपच्या मधल्या मोठ्या नटाला लावला. मिस्त्रींनी त्याचा हात धरला.

“तो नट नाही. त्याच्याखाली स्प्रिंग दाबून ठेवलीय. सुटली तर तोंडावर येईल.”

हे नीट समजून घेण्यासारखे आहे. भाच्याच्या गाडीत मधल्या नटाभोवती तीन छोटे नट होते. ते खांबाला बुरुजाशी बांधतात. दांड्याची पट्टी त्यांच्यावर बसते. मधला नट दबलेल्या स्प्रिंगला आवरून धरतो, त्याला हात लावायचा नाही. काही गाड्यांत बाहेरून हा मधला नटच दिसतो. तिथे दांड्याला बसायला दुसरी जागा लागते, आणि “कसाही बसतो” म्हणणाऱ्या दुकानदारावर विश्वास ठेवू नये. आम्ही एका बाजूचे तिन्ही नट काढले, पट्टी ठेवली, नट हातानेच लावले. मग दुसरी बाजू. दांडा मध्ये सहज बसला पाहिजे, ठोकावा लागला तर कुठेतरी चूक आहे. शेवटी टॉर्क रेंचने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाइतकेच. हाताच्या अंदाजाने जास्त पिळले तर बोल्टचे आटे जातात. इंजिन चालू करून गिअर टाकल्यावर ते रबरावर किती डुलते हेही पाहिले. दांडा आणि इंजिन यांच्यात दोन बोटे अंतर उरले. बॉनेट खाली आपटायच्या आधी हळूच टेकवून पाहिले.

एक धोका उरतोच. एका बाजूने ठोकर बसली तर हीच तुळई तो धक्का दुसऱ्या बुरुजापर्यंत नेऊ शकते. जिथे एक बाजू दुरुस्त करून भागले असते, तिथे दोन बाजू कराव्या लागतात.

कायद्याचेही पाहिले. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 म्हणते की नोंदणीतला तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये केरळच्या एका प्रकरणात ते कडक शब्दांत मांडले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला दर बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. या दांड्याने गाडीची लांबी-रुंदी किंवा इंजिन बदलत नाही, पण एमएच-46 ची पाटी लावून फिरणाऱ्याने विमा कंपनीला लेखी कळवलेले बरे, असे माझे मत. भाच्याने अजून कळवलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गोव्याच्या रस्त्याने कर्नाळ्यापर्यंत गेलो, अभयारण्याच्या वळणांवर. वेग बेताचा. भाचा म्हणाला, स्टिअरिंग वळवल्याबरोबर नाक वळते आहे, पूर्वी क्षणभर विचार करायचे. मलाही तसे वाटले. परत येऊन मिस्त्रींकडून नट तपासून घेतले. एक पाव फेरा फिरला, बाकीचे जागच्या जागी. त्यांनी सहज विचारले, चाकांत हवा किती आहे?

सकाळी निघताना भरली होती, भाचा म्हणाला. पुढच्या दोन्ही चाकांत फार कमी झाली होती म्हणून.

“मग आता दांडा काढा आणि याच हवेवर पुन्हा जाऊन या,” मिस्त्री म्हणाले, आणि दुसऱ्या गाडीखाली शिरले.