जठरातला बिऱ्हाडकरू

आपण खाल्लेले अन्न जठरात पोहोचले, की तेथे तीव्र आम्ल स्रवू लागते. अन्नाबरोबर पोटात गेलेले बहुतेक सूक्ष्मजंतू या आम्लात नष्ट होतात. अशा जागी एखादा जंतू बिऱ्हाड थाटून वर्षानुवर्षे राहत असेल, ही गोष्ट डॉक्टरांना एके काळी अशक्य वाटे. जठरात व्रण पडतात ते चिंतेमुळे, तिखटामुळे किंवा फाजील आम्लामुळे, अशीच समजूत रूढ होती.

ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरी रॉबिन वॉरेन नावाचे डॉक्टर होते. १९७९ मध्ये जठराच्या अस्तराचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्यांना वळणदार आकाराचे जंतू दिसले. पुढे बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. हे जंतू काचेच्या बशीत वाढवण्याचे त्यांचे प्रयत्न मात्र फसत. कारण दोन दिवसांत काही उगवले नाही, की बशी टाकून देण्याचा शिरस्ता होता. १९८२ साली ईस्टरच्या सुटीमुळे बश्या तशाच राहिल्या आणि सुटीनंतर पाहतात तो त्यांत जंतूंची वाढ झालेली! एवढ्यानेही इतरांची खात्री पटेना. तेव्हा १९८४ मध्ये मार्शल स्वतःच जंतूंनी भरलेले पाणी प्याले. थोड्याच दिवसांत त्यांना वांत्या होऊ लागल्या व जठराच्या अस्तरास सूज आली. (असले धाडस कोणी करू नये, हे निराळे सांगावयास नकोच.) २००५ मध्ये या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या जंतूचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. तो आपल्याभोवतीचे आम्ल मारणारा अमोनिया तयार करतो, चाबकासारखी शेपटे हलवीत जठराच्या बुळबुळीत श्लेष्म्यात शिरतो आणि पृष्ठभागावरील काही प्रथिनांच्या साहाय्याने अस्तराला चिकटतो. त्यांपैकी एकाचे नाव बॅबए. जठराच्या पेशींवरील एका विशिष्ट शर्करेला ते आकड्यासारखे अडकते.

मग आपले शरीर स्वस्थ बसते काय? मुळीच नाही. जंतूच्या अंगावरील प्रथिने शरीराला परकी असतात व त्यांवरूनच तो ओळखला जातो. जठराच्या पेशी रासायनिक हाक देतात. ती ऐकून रक्तातील पांढऱ्या पेशी धावत येतात. काही पेशी जंतूला गिळू पाहतात, तर काही प्रतिपिंडे निर्माण करतात. कुलपास जशी त्याचीच किल्ली, तसे प्रत्येक प्रतिपिंड विशिष्ट रचनेलाच बसते.

परंतु हा बिऱ्हाडकरू मोठा बिलंदर! अनेक जंतूंच्या शेपटांतील प्रथिनाचा एक ठरावीक भाग आपल्या पेशी चटकन ओळखतात. याने नेमका तोच भाग बदललेला असतो. त्याच्या आवरणावर आपल्याच पेशींवर असणाऱ्या शर्करांसारख्या शर्करा असतात. म्हणजे चोराने घरधन्याचा अंगरखा घालावा तसेच हे. बॅबए प्रथिन बनवणे तर काही जंतू प्रसंगी बंदच करतात. त्यामुळे प्रतिपिंडे तयार होऊनही जंतू सहसा हटत नाही. बहुधा बालपणी झालेला हा संसर्ग उपचार न केल्यास जन्मभर टिकू शकतो.

बहुतेकांना त्याचा त्रास जाणवत नाही. पण लढाई चालूच राहते, आणि तिची झळ रणभूमीलाही लागते. पांढऱ्या पेशींची जंतुनाशक द्रव्ये आपले आणि परके असा भेद करीत नाहीत. अस्तर सुजते, दुबळे होते व काहींना व्रण पडतात. थोड्या लोकांत पुष्कळ वर्षांनी कर्करोगही उद्भवतो. म्हणूनच १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने या जंतूची गणना कर्करोगकारकांत केली.

यावर औषध आहे. आम्ल कमी करणाऱ्या औषधाबरोबर दोन किंवा अधिक प्रतिजैविके काही दिवस नेमाने घ्यावी लागतात. जंतू गेले, तरी प्रतिपिंडे रक्तात कित्येक महिने रेंगाळतात. त्यामुळे रोग बरा झाला की नाही, हे रक्त तपासून नीट कळत नाही. त्यासाठी श्वासाची परीक्षा करतात. रुग्णाला खुणेचा कार्बन असलेला यूरिया पाण्यातून पाजतात. जंतू उरले असतील, तर ते यूरियाचे विघटन करतात आणि तो खुणेचा कार्बन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने उच्छ्वासात सापडतो.