फिरती थाळी (भाग ५) : काळी चारची पांढरी चार

न्यू जर्सीतलं बिऱ्हाड आवरताना माझ्या आत्येभावाने १९७०च्या दशकातला एक टर्नटेबल पुण्याला आणला. पट्ट्यावर चालणारा, लाकडी पेटीचा, देखणा. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०; म्हणून त्याने तपकीर गल्लीतून ट्रान्सफॉर्मर घेतला. बटण दाबलं, थाळी फिरली. थाळीच्या कडेला वेग तपासायचे ठिपके होते, तेही ट्यूबलाइटच्या उजेडात खिळल्यासारखे उभे. आम्ही दोघं खूश.

मग तबकडी लावली आणि आतून आत्या म्हणाली, "आज हा इतका खालून का गातोय रे? घसा बसलाय का त्याचा?" ती तबकडी ऐकतच आत्या पेटी शिकलेली. तिने पेटी काढून सूर धरला. गायकाची काळी चार, आणि इथे षड्ज लागत होता पांढरी चारच्याही किंचित खाली. लयही सुस्तावलेली.

चूक ट्रान्सफॉर्मरची नव्हती, आमची होती. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. अमेरिकेतली वीज सेकंदाला ६० आवर्तनं करते, आपली ५०. त्या काळच्या बऱ्याच टर्नटेबलांची मोटार याच आवर्तनांच्या तालावर फिरते. त्यामुळे मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेणारी थाळी आपल्याकडे २७.८ वर येते. सहातला एक भाग वेग गेला की सूर तीन पट्ट्यांहून जरा जास्तच उतरतो.

पण मग ठिपके का हलले नाहीत? चोकवाली ट्यूबलाइट आपल्याकडे सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, अमेरिकेत १२० वेळा. तिकडच्या थाळीवर ३३⅓ साठी २१६ ठिपके असतात, आपल्या विजेसाठी १८० हवेत. मोटारही पाच-षष्ठांश वेगाने फिरली आणि दिवाही तितकाच सावकाश लुकलुकला. दोघांनी मिळून एकाच प्रमाणात फसवलं! थाळीवर ठिपक्यांच्या दोन रांगा असतील तर ५० हर्ट्झची कुठली ते आधी पाहा. आणि एलईडीच्या उजेडात हा तपास करू नका. बरेचसे दिवे नीट लुकलुकतच नाहीत.

मला विचाराल तर ठिपक्यांपेक्षा कागदाचा कपटा बरा. तबकडीच्या कडेला तो चिकटवा, पिन टेकवून गाणं सुरू करा (पिनेच्या घर्षणानेही वेग थोडा पडतो, म्हणून) आणि घड्याळ लावून तीन मिनिटं फेऱ्या मोजा. बरोबर १०० भरल्या पाहिजेत. ४५च्या तबकडीला १३५. आमच्या भरल्या ८३.

आपल्याकडच्या जुन्या बाजारात मिळणाऱ्या यंत्रांत, विशेषतः इंग्लंडमधल्या स्विंडनच्या गॅरार्ड कंपनीच्या यंत्रांत, पट्टा नसतो. मोटारीच्या दांड्यावर पायऱ्यापायऱ्यांची पुली, थाळीची आतली कड आणि दोहोंच्या मध्ये दाबून बसलेलं रबरी चाक. वेग कमी झाला की लोक म्हणतात, चाक झिजून लहान झालं. तसं नसतं. चाक फक्त पुलीची गती कडेपर्यंत पोचवतं; त्याचा व्यास कितीही असला तरी थाळीचा वेग तोच राहतो. वेग पडतो तो चाक घसरल्यामुळे. रबर कडक आणि गुळगुळीत झालेलं असतं किंवा त्यावर तेल चढलेलं असतं. प्लग काढा, थाळी उचला, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने चाक, पुली आणि कडेची आतली बाजू पुसा. रबर चकाकत असेल तर बारीक पॉलिश पेपर अगदी हलक्या हाताने फिरवा. निम्म्याहून जास्त आजार एवढ्यावर बरे होतात.

एक सवय मात्र सोडा: भिंतीवरचं बटण बंद करून थाळी थांबवण्याची. यंत्राचा स्वतःचा खटका बंद केला तरच चाक पुलीपासून सुटतं. नाहीतर ते तसंच दाबलेलं राहतं, रबराला खळगा पडतो आणि पुढे प्रत्येक गाण्यामागे धप् धप् ऐकू येतं. वीज गेली तरी खटका हाताने बंद करा.

तेलाबद्दल थोडक्यात. मोटारीच्या बुशला शिवणयंत्राचं तेल, एक-दोन थेंब. खोबरेल नको, थंडीत थिजतं.

७८च्या तबकड्यांना मात्र ही शिस्त फार कडक लावू नका. १९२०च्या आधीच्या तबकड्या बरोबर ७८ वरच मुद्रित झाल्यात असं नाही. तिथे गायकाची पट्टी ठाऊक असलेला कान आणि पेटी हाच आधार.

आत्येभावाच्या यंत्राला आम्ही लेथवाल्याकडून पितळेची नवी पुली करून घेतली. जुनी १० मिलिमीटरची, म्हणून सहा-पंचमांश हिशेबाने १२ची सांगितली. तीन मिनिटांत फेऱ्या भरल्या ९९ आणि थोडी. अर्ध्या मिलिमीटर जाडीचा पट्टाही पुलीभोवती बसतो, ती जाडी हिशेबात धरायची राहिली होती. दुसरी पुली १२.१ची केली. शिवाय ६० हर्ट्झची मोटार आपल्याकडे जास्त तापते, म्हणून तिला १२० ऐवजी १०० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला.

पुढच्या रविवारी टोनआर्मचा तोल आणि पिनेचं वजन. त्यासाठी ग्रॅमचा दशांश दाखवणारा छोटा काटा लागेल, तो आणून ठेवा. तोवर आपल्या थाळीच्या फेऱ्या मोजून आकडा लिहून ठेवा.