एकच पडसे, तीन काढे : चिनी वैद्यकातील रोगपरीक्षा आणि तिच्या विस्मरणाची किंमत

पडसे हा व्याधी वैद्याच्या लेखी किरकोळ; परंतु एखाद्या वैद्यकपद्धतीची पारख करावयाची झाल्यास याहून सोयीची कसोटी आम्हांस दुसरी दिसत नाही. कारण या व्याधीत रोगाचे नाव रुग्ण स्वतःच सांगत येतो. त्यापुढे वैद्य काय विचारतो, एवढेच पाहावयाचे उरते. पारंपरिक चिनी वैद्याचा येथील महत्त्वाचा प्रश्न असा, की थंडी वाजून अंग तापले आहे खरे, पण घाम येतो आहे की नाही?

हा प्रश्न सुमारे अठराशे वर्षांचा आहे. हान राजवटीच्या अखेरीस चांग चुंग-चिंग या वैद्याने ‘शांग हान लुन’ हा शीतजन्य ज्वरांवरील ग्रंथ रचला. ज्वर शरीरात कोणत्या क्रमाने शिरतो याच्या सहा अवस्था त्याने मांडल्या आणि प्रत्येक अवस्थेस स्वतंत्र योग दिले. पहिल्या अवस्थेतच दोन रुग्ण वेगळे काढलेले आहेत. एकास ज्वर आहे, वारा सोसवत नाही, घाम येतो आहे आणि नाडी वरवर लागणारी पण सैल आहे; त्यास ग्वे-ची थांग हा काढा. दालचिनीची कोवळी फांदी, पांढऱ्या पिओनीचे मूळ, आले, बोर आणि ज्येष्ठमध अशी त्यात अवघी पाच द्रव्ये. दुसऱ्यास अंगदुखी आहे, दम लागतो आहे, घाम मुळीच नाही आणि नाडी वरवर लागणारी पण ताणलेल्या दोरीसारखी आहे. त्यास मा-ह्वांग थांग, म्हणजे एफेड्रा, दालचिनीची फांदी, जर्दाळूच्या बिया व ज्येष्ठमध. पहिला काढा मृदू आहे, दुसरा तीव्र घाम आणणारा. ज्यास आधीच घाम येतो आहे त्यास दुसरा देणे हा ग्रंथकाराच्या मते अपराधच.

आमचे लक्ष विशेष वेधले ते ग्वे-ची काढ्यासोबतच्या सूचनांनी. काढा घेतल्यावर थोड्या वेळाने गरम, पातळ तांदळाची पेज प्यावी, अंगावर पांघरूण घ्यावे, सर्वांगास हलका ओलावा येईल इतपतच घाम येऊ द्यावा, धारा लागू देऊ नयेत. एका मात्रेने गुण आला तर उरलेला काढा घेऊच नये. कच्चे, थंड, स्निग्ध पदार्थ व मद्य वर्ज्य. पेयादिक्रम शिकलेल्या आपल्या वैद्यांस हे वाचताना घरचेच काही वाचल्यासारखे वाटेल. मा-ह्वांग काढ्यास मात्र पेजेची आवश्यकता नाही असेही तेथेच स्पष्ट म्हटले आहे.

तिसरा प्रकार पुढे कित्येक शतकांनी आला. घसा लाल होऊन दुखतो, तहान लागते, जिभेचे टोक लाल दिसते, नाडी वरवर पण जलद चालते, थंडी थोडी आणि ताप अधिक. अशा रुग्णास दालचिनी वा एफेड्रा दिल्यास तो अधिकच तापतो, हे छिंग काळातील वैद्यांच्या अनुभवास आले. ये थ्येन-शी याने उष्ण ज्वरांची स्वतंत्र मांडणी केली, आणि त्याच विचारधारेतील वू च्यू-थुंग याच्या 1798 मधील ग्रंथात यिन-च्याओ सान हा योग आला. हनिसकलची फुले, फोर्सिथियाची फळे, पुदिना इत्यादी शीतवीर्य द्रव्ये त्यात प्रमुख आहेत. सुगंध दरवळताच भांडे उतरवावे, अधिक उकळू नये, अशी सूचना आहे. उडनशील अंश जाऊ नये हा हेतू उघड आहे. प्राचीन ग्रंथास प्रमाण मानूनही त्यात न बसणारा रुग्ण समोर आला तेव्हा नवा सिद्धान्त मांडण्याचे धैर्य या वैद्यांनी दाखविले, ही गोष्ट आम्हांस मोलाची वाटते.

हा निवाडा ज्यावर होतो त्या परीक्षा चार : पाहणे, ऐकणे व वास घेणे, विचारणे, आणि स्पर्श. आपल्या दर्शन-स्पर्शन-प्रश्न या त्रिविध परीक्षेशी त्यांचे साम्य सांगावयास नको. जिव्हापरीक्षेत चिनी वैद्य जिभेचा रंग आणि तिच्यावरील थर यांचा वेगवेगळा विचार करतात : थर पांढरा की पिवळा, पातळ की जाड, ओला की कोरडा. नाडी मनगटावरच तीन बोटांनी पाहतात. तेथे मात्र आमची एक विनंती आहे. तीन बोटे दिसताच त्यांखाली वात, पित्त, कफ शोधण्याचा मोह आपल्याकडील काही लेखकांस होतो. चिनी पद्धतीत डाव्या मनगटावरील तीन स्थाने हृदय, यकृत व वृक्क यांची, तर उजवीकडील फुप्फुस, प्लीहा व पुन्हा वृक्क यांची मानतात. आणि ही नावेही शरीरातील प्रत्यक्ष अवयवांपेक्षा कार्यसमूहांची आहेत. साम्य ओढूनताणून आणल्याने दोन्ही शास्त्रांची हानी होते.

आता ज्या कारणास्तव हा लेख लिहावयास घेतला त्याकडे वळू. ही परीक्षा गळून पडली आणि योग तेवढा उरला, तर काय होते?

‘शांग हान लुन’मधील एक काढा जपानात शो-साइको-तो या नावाने प्रसिद्ध आहे. मूळ ग्रंथात तो आलटून-पालटून थंडी-ताप, छाती-बरगड्यांखाली भरल्यासारखे वाटणे, तोंड कडू होणे, अन्नावर वासना नसणे अशा विशिष्ट लक्षणसमूहासाठी सांगितला आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार दाण्यांच्या पुड्यांतून तो ‘जीर्ण यकृतदाहावरील औषध’ म्हणून सरसकट दिला जाऊ लागला. लक्षणे कोणी पाहीना, रोगाचे नाव पुरेसे ठरू लागले. काही रुग्णांत फुप्फुसाचा गंभीर दाह आढळला आणि मार्च 1996 मध्ये जपानच्या आरोग्य मंत्रालयास 88 रुग्ण व त्यांतील 10 मृत्यूंची नोंद देऊन तातडीचा इशारा काढावा लागला. नेमकी परीक्षा झाली असती तर यांतील किती वाचले असते हे सांगता येणार नाही, कारण काही अपाय द्रव्यांच्या अंगभूत असतात. तरीही ज्यांना त्या काढ्याची गरजच नव्हती ते तरी खात्रीने वाचले असते.

एफेड्राची कथा याहून उघडी आहे. घाम न येणाऱ्या पडशातील, दोन-चार मात्रांत थांबवावयाचे द्रव्य अमेरिकेत वजन घटविणाऱ्या गोळ्यांत महिनोन्‌महिने खाल्ले गेले. हृदयविकार व पक्षाघाताच्या तक्रारींनंतर 2004 मध्ये तेथील औषध प्रशासनाने अशा पूरक आहारांवर बंदी घातली. आपल्याकडे याच जातीची वनस्पती सोमलता या नावाने श्वासावर वापरली जाते, म्हणून हा मजकूर परका समजू नये.

औषधालयाच्या मालकांनी मात्र सर्वांत काळजीपूर्वक वाचावे असे प्रकरण बेल्जियममधील आहे. ब्रुसेल्स येथील एका चिकित्सालयात 1990 पासून वजन घटविण्यासाठी भूक मारणाऱ्या आधुनिक औषधांच्या जोडीला चिनी वनस्पतींची चूर्णे देण्यात येऊ लागली. त्यात फांग-ची हे द्रव्य अभिप्रेत होते. चिनी बाजारात या नावाने निरनिराळी मुळे विकली जात : हान-फांग-ची म्हणजे स्टेफानिया, आणि क्वांग-फांग-ची म्हणजे अ‍ॅरिस्टोलोकिया. मागविली पहिली, आली दुसरी. शंभराहून अधिक रुग्णांची, त्यांत बहुसंख्य स्त्रिया, मूत्रपिंडे निकामी झाली. पुढे त्यांपैकी ज्या 39 जणांची मूत्रपिंडे व मूत्रवाहिन्या काढून तपासल्या गेल्या त्यांतील 18 जणांत कर्करोग आढळला, असे 2000 मध्ये प्रसिद्ध झाले. चीनने क्वांग-फांग-चीचे प्रमाणपत्र 2004 मध्ये काढून घेतले. अ‍ॅरिस्टोलोकियाचीच जात असलेल्या क्वान-मू-थुंगचे त्याच्या आदल्या वर्षीच काढले होते.

अ‍ॅरिस्टोलोकिया आपल्याही मांडणीवर आहे. ईश्वरी अथवा सापसन ती हीच, कीटमारीही त्याच कुळातील. ती पोटात देणाऱ्या वैद्यांनी ही माहिती समोर ठेवून फेरविचार करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. नावांचा घोळ तर आपल्याकडे त्याहून मोठा. रास्ना म्हणून एका प्रांतात प्लुकियाची पाने येतात, दुसऱ्या प्रांतात कुलिंजनाच्या कुळातील कंद, तर तिसरीकडे झाडावर वाढणाऱ्या वांडाची मुळे. ब्राह्मी मागावी तर मंडूकपर्णी हाती पडते. शंखपुष्पी उत्तरेत वेगळी, दक्षिणेत वेगळी. पाषाणभेदाविषयी तर लिहू तितके थोडेच. असे असता कच्चा माल मागविताना वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि उपयुक्त अंग यांची नोंद मागणीपत्रावर करणारी औषधालये किती? आमच्या पाहण्यातील बहुतेक बिलांवर अद्यापि ‘रास्ना, पाच किलो’ एवढाच उल्लेख असतो.