गवताची बारनिशी

झाशीचे नाव निघाले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम किल्ला उभा राहतो, आणि ज्या गावाचा विस्तार नारोशंकरांच्या सुभेदारीत झाला, जेथे नेवाळकरांची गादी होती आणि जेथून १८५८ च्या एप्रिलात राणी लक्ष्मीबाई इंग्रजांचा वेढा भेदून काल्पीकडे निघाल्या, त्या गावाविषयी तसे होणे साहजिकच आहे. परंतु संपादकांनी मला तिकडे धाडले ते किल्ल्यासाठी नव्हे. ग्वाल्हेरच्या रस्त्याला, पहूज धरणाजवळ, भारतीय चरागाह एवं चारा अनुसंधान संस्थान या नावाची जी केंद्रीय संस्था आहे, तिच्यासारख्या संस्थांनी जमविलेल्या गवतांची नोंद जगाच्या सामाईक दफ्तरात कशी चढते, हे पाहून लिहावे, अशी त्यांची इच्छा होती. विषय रुक्ष वाटतो. पण ज्या बुंदेलखंडात दुष्काळ पडला की वैरणीअभावी शेतकरी आपली जनावरे मोकाट सोडून देतो, आणि या सोडून देण्याला ‘अन्ना प्रथा’ असे रूढ नावच पडले आहे, त्या प्रांतात गवताचा हिशेब हा जीवनमरणाचा हिशेब असतो.

संस्थेचा इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. १९६२ साली ती स्थापन झाली, १९६६ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या व्यवस्थेखाली आली, आणि चारापिकांच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाची सूत्रे आज तिच्याच हाती आहेत. आपल्याकडील राहुरीचे कृषी विद्यापीठ आणि मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला उभारलेली बाएफ ही दोन्ही त्या प्रकल्पाची केंद्रे होत. बरसीम, ओट, गिनी गवत, अंजन यांचे सुधारित वाण संस्थेने काढले आणि त्यांपैकी कित्येकांना ‘बुंदेल’ हे प्रांताचे नाव दिले.

या इतिहासात मराठी वाचकाने थांबावे असे एक नाव आहे. पी. एम. दाबडघाव आणि के. ए. शंकरनारायण या दोघा शास्त्रज्ञांनी भारताच्या तृणाच्छादनावर लिहिलेला ग्रंथ १९७३ साली परिषदेने प्रसिद्ध केला. त्याच्या मुळाशी १९५४ ते १९६२ या काळात देशभर झालेली गवताळ प्रदेशांची पाहणी होती. काश्मीरच्या उतारांपासून दक्षिणेच्या पठारापर्यंत पसरलेल्या गवताची त्यांनी पाच मुख्य प्रकारांत विभागणी केली. त्यांपैकी सर्वांत विस्तृत जो प्रकार, ज्यात आपली पवन्या आणि मारवेल ही गवते प्रमुख आहेत, त्याच पट्ट्यात सह्याद्रीच्या पूर्वेकडील पठारही येते आणि बुंदेलखंडही येते. घोडदळाच्या दाण्यावैरणीची चिंता वाहणाऱ्या मराठी सत्तेने जी कुरणे राखून ठेवली, त्यांतील गवत आणि झाशीच्या माळावरचे गवत हे एकाच कुळातले आहे, हे या पाहणीवरून कळते, आणि ते कळल्यावर झाशी मला परकी वाटली नाही.

चारापिकांच्या जननद्रव्याचे राष्ट्रीय सक्रिय केंद्र म्हणून झाशीच्या संस्थेची नेमणूक झालेली आहे. अशी पन्नासाहून अधिक केंद्रे देशात असून प्रत्येकाने आपापल्या पिकाचे नमुने जिवंत राखावेत, वेळोवेळी पेरून ताजे करावेत आणि मागेल त्या संशोधकाला द्यावेत, अशी योजना आहे. दीर्घकालीन ठेव मात्र दिल्लीच्या राष्ट्रीय जनुककोशात, शून्याखाली अठरा अंशांवर राहते. तो कोश १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या ताब्यात आहे आणि त्यातील नमुन्यांची संख्या साडेचार लाखांच्या आसपास आहे. शीतगृहे भव्य असतात आणि पाहुण्यांना तीच प्रथम दाखविली जातात. माझे मन मात्र रमले ते एका कागदावर, ज्याला या क्षेत्रात ‘पासपोर्ट’ म्हणतात.

जमिनीला जसा सात-बारा, तसा नमुन्याला हा दाखला. नमुना कोणत्या संस्थेत आहे, त्याचा तेथील क्रमांक कोणता, गोळा करणाऱ्याने रानात दिलेला क्रमांक कोणता, प्रजाती कोणती, गाव कोणते, अक्षांश-रेखांश काय, उंची किती, तारीख कोणती, असे रकाने त्यात असतात. हे रकाने जगभर एकसारखे असावेत म्हणून अन्न व कृषी संघटना आणि रोमची आंतरराष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन संस्था यांनी २००१ मध्ये एक सर्वमान्य नमुनापत्रक ठरवून दिले, आणि २०१२ व २०१५ मध्ये ते सुधारले. तारखेतील दिवस किंवा महिना ठाऊक नसेल तर तेथे शून्ये किंवा आडव्या रेघा भराव्यात, असाही शिरस्ता त्यात आहे. मला तो फार प्रामाणिक वाटला, कारण माहिती नाही हे नोंदवून ठेवणे ही दफ्तरी कामातील मोठी नीती होय.

यातला एक रकाना गवताच्या बाबतीत विशेष हट्टी आहे. नमुना कोठून घेतला, हे अंकांत सांगावयाचे असते. रानटी अधिवासातील गवताळ प्रदेश असेल तर १३. शेती वा लागवडीच्या वर्गातील चराऊ कुरण असेल तर २५. रस्त्याची कड असेल तर ६१. शेताचा बांध असेल तर ६२. गहू किंवा ज्वारी गोळा करणाऱ्याला येथे अडचण पडत नाही. परंतु बुंदेलखंडातील गावाबाहेरच्या एखाद्या माळावर, जेथे पिढ्यान्‌पिढ्या गाईगुरे चरतात, जेथे कोणी कधी पेरले नाही पण ज्याला कोणी पूर्णपणे मोकळेही सोडले नाही, तेथून उपटलेल्या अंजनाला १३ म्हणावे की २५? दुसऱ्या एका रकान्यात नमुना रानटी आहे की पारंपरिक वाण आहे, असे विचारलेले असते, आणि तेथेही हाच पेच उभा राहतो. हे अंक झाशीत एका मनुष्याने एका रीतीने भरले आणि धारवाडला दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने भरले, तर एकाच तऱ्हेची दोन गवते यंत्राच्या दृष्टीने दोन निराळ्या जगांतली ठरतात. जुळविण्याचे काम यंत्राचे नव्हे; दोन माणसांनी आधी एकमेकांशी बोलून रीत ठरविली असली तरच यंत्राचा उपयोग होतो.

स्थळाचा रकाना तर इतिहासाच्या तावडीत सापडलेला आहे. १९७४ पूर्वीच्या टिपणात ‘जिल्हा झाशी’ एवढेच असेल, तर ते गवत आजच्या ललितपूर जिल्ह्यातलेही असू शकते, कारण ललितपूर त्या वर्षी वेगळा झाला. ओरछ्याचा नमुना जुन्या वहीत टीकमगढ जिल्ह्यात असेल आणि नव्या यादीत निवाडी जिल्ह्यात, कारण निवाडी २०१८ मध्ये झाला. गवत तेथेच उभे आहे, जिल्हा बदलला. त्याहून सूक्ष्म चूक अक्षांशांची. झाशीचे स्थान पंचवीस अंश सत्तावीस कला उत्तर आणि अठ्ठ्याहत्तर अंश चौतीस कला पूर्व असे जुन्या पद्धतीने लिहीत. नव्या दशांश पद्धतीत ते २५.४५ आणि ७८.५७ होते. पण घाईत कोणी कलांचे आकडेच दशांशचिन्हापुढे ठेवून २५.२७ आणि ७८.३४ लिहिले, तर तो नमुना सुमारे तीस किलोमीटर नैर्ऋत्येस सरकतो. बुंदेलखंडात तेवढ्या अंतरात माती पालटते. मार आणि काबर या काळ्या जमिनी संपून पडुआ व राकड या तांबूस, उथळ जमिनी लागतात. पाण्याच्या ताणात तगणारे गवत शोधणारा संशोधक नकाशावर माती पाहूनच नमुना निवडतो. आकडा चुकला की चुकीच्या जमिनीवरचे गवत त्याच्या हाती पडते आणि योग्य गवत कोशात तसेच पडून राहते.

या सगळ्या वह्यांची परस्परांशी रुजवात घालणे, हा सामाईक दफ्तरांचा खरा उद्देश होय. आंतरराष्ट्रीय कृषिसंशोधन केंद्रांनी १९९४ च्या सुमारास आपल्या नोंदी एकत्र आणण्यास आरंभ केला, युरोपने २००३ मध्ये आपली सूची मांडली, आणि २०११ पासून ‘जेनेसिस’ या नावाने जे जागतिक संकेतस्थळ चालते, त्यात चाळीस लाखांहून अधिक नमुन्यांची नोंद आहे. भारतात ब्यूरोचे स्वतःचे संकेतस्थळ असून देशात गोळा केलेल्या नमुन्याला ‘आयसी’ आणि परदेशातून आलेल्याला ‘ईसी’ या अक्षरांनी आरंभ होणारा राष्ट्रीय क्रमांक दिला जातो. म्हणजे एकाच मूठभर बियाण्याला गोळा करणाऱ्याचा क्रमांक, संस्थेचा क्रमांक आणि राष्ट्राचा क्रमांक असे तीन क्रमांक चिकटतात. तेच बियाणे अमेरिकेत किंवा इथिओपियातील आंतरराष्ट्रीय कोशात गेले की तेथे चौथा मिळतो. २०१० च्या जागतिक अहवालात अन्न व कृषी संघटनेने साऱ्या जगातील नमुने सुमारे ७४ लाख सांगितले, पण त्यांतील खरोखर भिन्न असे तीस टक्क्यांहून कमीच असावेत, असा अंदाजही त्याच अहवालात दिला. बाकीची पुनरुक्ती आहे. यावर उपाय म्हणून २०१७ पासून पादप आनुवंशिक संसाधनांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या माहिती-व्यवस्थेखाली प्रत्येक नमुन्याला एक कायमचा जागतिक ओळखक्रमांक देण्याची सोय झाली. सोय उत्तम आहे. मात्र दोन कोशांनी एकाच मूळ नमुन्यासाठी दोन स्वतंत्र क्रमांक घेतले, तर त्यांचे नाते कोणी मनुष्यानेच जुन्या वह्या पाहून जोडावे लागते.

आणि अंजन व गिनी यांसारख्या गवतांत ही पुनरुक्ती ओळखणे अधिकच कठीण होते. या गवतांत बहुधा अंडपेशीचे फलन न होताच बीज तयार होते, त्यामुळे लेक हुबेहूब आईसारखी निघते. शास्त्रज्ञाला ही देणगी आहे, कारण चांगला गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. नोंदी ठेवणाऱ्याला मात्र दोन दूरच्या गावांची झाडे खरोखरच एक आहेत की वहीतली चूक आहे, हे कागदावरून सांगता येत नाही; अशा वेळी गोळा करणाऱ्याच्या मूळ टिपणवहीखेरीज दुसरा साक्षीदार नसतो.

येथपर्यंत मी आदराने लिहिले. यापुढे चिंता लपविता येत नाही. पहिली अडचण नावांची. गिनी गवत पूर्वी पॅनिकम वंशात होते, मग युरोक्लोआत गेले, आणि २००३ पासून मेगाथिर्सस या वंशनामाने ओळखले जाते. २०१० मध्ये काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी बाजरीचा पेनिसेटम वंशच अंजनाच्या सेंक्रस वंशात विलीन केला. प्रत्येक फेरफारासरशी सर्व दफ्तरे एकाच दिवशी बदलत नाहीत, आणि जुन्या नावाने शोधणाऱ्याला नव्या नावाखालचा नमुना सापडत नाही.

दुसरी अडचण कायद्याची. २००१ साली संमत झालेल्या आणि २००४ मध्ये अमलात आलेल्या त्याच आंतरराष्ट्रीय करारात बियाण्याच्या सुलभ देवघेवीसाठी पिकांची एक यादी जोडली आहे. त्यात चाऱ्याच्या २९ वंशांना स्थान मिळाले. पण ते बहुतांशी समशीतोष्ण प्रदेशांतले. विसाव्या शतकाच्या आरंभी इजिप्तहून आपल्याकडे आलेला बरसीम त्या यादीत आहे. आपले मारवेल नाही, पवन्या नाही, अंजन नाही, गिनीही नाही. म्हणून या गवतांची माहिती जगाला दिसू शकली, तरी परदेशी संशोधकाला बियाणे देताना २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. या कायद्यामागचे कारण मी नाकारीत नाही. आपल्या माळावरचे बीज आपल्या नकळत परदेशी मक्तेदारीत जाऊ नये, ही सावधगिरी योग्यच आहे. परंतु ज्या दफ्तरात नमुना दिसतो पण मिळत नाही, त्या दफ्तरात नोंदी पाठविण्याचा उत्साह संस्थांत किती दिवस टिकावा, याचे उत्तर त्या यादीत नाही, आणि यादी वाढविण्याची चर्चा आता बरीच वर्षे चालू आहे. शिवाय ज्या अंजनासाठी बुंदेलखंड तहानलेला आहे, तेच ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागात वनसंरक्षकांना आगीचे कारण होणारे उपद्रवी तण वाटते. एका दफ्तरात चारा म्हणून आणि दुसऱ्यात तण म्हणून नोंदलेल्या या गवताची दोन्ही माहिती एकत्र पाहिल्याशिवाय कोणी ते नव्या मुलखात नेऊ नये, इतके तरी या समन्वयातून साधले पाहिजे.

तिसरी आणि मला सर्वांत जाचणारी अडचण बियाण्याचीच आहे. गव्हाचा दाणा भरलेला आहे की पोचट, हे बोटांना कळते. अंजनाचे बी केसाळ आवरणात असते, आत दाणा आहे की नाही ते सोलल्याखेरीज कळत नाही, आणि काढणीनंतर काही महिने सुप्तावस्थेत असल्यामुळे ताजे बी उगवत नाही म्हणून ते मेले असेही म्हणता येत नाही. उगवण घटली की नमुना पुन्हा शेतात लावून ताजा करावा लागतो. त्यासाठी जागा, मजूर, आणि गवताच्या फुलोऱ्यावर रोज नजर ठेवणारा जाणता मनुष्य हवा, कारण बी एकदम न पिकता थोडेथोडे पिकते आणि वाऱ्याने गळून जाते. त्या लावणीनंतर नवी तारीख, नवे उगवणप्रमाण आणि उरलेला साठा मूळ नोंदीत चढवावा लागतो, आणि संस्थेच्या वहीत तो चढला म्हणून दिल्लीच्या दफ्तरात किंवा जागतिक सूचीत आपोआप चढत नाही. कोणीतरी तो पाठवावा लागतो, कोणीतरी तपासून घ्यावा लागतो. आणि ज्या दोन-चार माणसांच्या हाती हे काम असते, त्यांतला एक निवृत्त झाला आणि त्याच्या जागी नेमणूक लांबली, की जगाच्या दफ्तरात त्या गवताचा साठा भरलेला दिसत राहतो आणि मागणी आलेल्या पाकिटातून उगवते मात्र काहीच नाही.