ग्रहणाचा दोष नाही, अस्तराचा असू शकतो

बाळाचं डोकं भराभर वाढू लागलं, टाळू फुगली, बुबुळं खाली झुकली, की डॉक्टरांच्या आधी शेजारीपाजारीच निदान करून मोकळे होतात: ‘आईनं ग्रहण पाळलं नसेल.’ ग्रहणाचा आणि जलशीर्षाचा, म्हणजे हायड्रोसेफॅलसचा, काडीइतकाही संबंध नाही.

‘डोक्यात पाणी झालं’ हेही अर्धंच खरं. पाणी सगळ्यांच्याच डोक्यात असतं. मोठ्या माणसात दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर द्रव तयार होतो, पण एका वेळी असतो तो १५०च्या आसपास. बाकीचा रक्तात परत जातो. ही वाट अडली की मेंदूतल्या पोकळ्या फुगतात. अडण्याची कारणं अनेक: अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूतला रक्तस्राव, मेंदूच्या आवरणाचा टीबी, जन्मतःच अरुंद असलेला मार्ग. आणि कधी कधी पोकळ्यांचं अस्तर.

हे अस्तर सांभाळणाऱ्या प्रथिनांबद्दल अभ्यासू मंडळींचाही एक गैरसमज असतो. मोटर प्रथिनं म्हणजे पेशीतले हमाल, ओझी वाहणं एवढंच त्यांचं काम, असं आपण शिकलेलो असतो. अमेरिकेतल्या एनआयएच या आरोग्य संशोधन संस्थेत रॉबर्ट अडेलस्टाइन यांच्या गटानं उंदरांच्या भ्रूणांत वेगळंच पाहिलं. मेंदूतल्या पोकळ्यांना जोडलेल्या मज्जारज्जूच्या नलिकेला अस्तर करणाऱ्या पेशींच्या कडेला मायोसिन टू-बी या मोटर प्रथिनाची एक तात्पुरती जाळी असते. हे प्रथिन काढून टाकलं की जाळी कोसळते, पेशींची एकमेकींवरची पकड सुटते, खालच्या पेशी नलिकेत घुसतात आणि द्रवाची वाट बुजते. गंमत पुढे आहे. मोटर अधू असलेलं मायोसिन पुरेशा प्रमाणात दिलं, तरी अस्तर टिकलं! म्हणजे इथे धावण्यापेक्षा धरून ठेवणं महत्त्वाचं.

धावणारी मोटरही आहेच. डायनीनमुळे अस्तरावरचे सूक्ष्म केस हलतात. उंदरात ते थांबले की जलशीर्ष होतं. माणसात मात्र डायनीनचा तसाच जन्मजात दोष असलेल्यांना ते क्वचितच होतं. उंदरावरून माणसाबद्दल थेट निष्कर्ष काढू नये, तो यासाठी.

‘असं मूल मंदच राहणार’ हेही खरं नाही. वेळेवर शंट, म्हणजे जादा द्रव वाहून नेणारी नळी, बसवला, किंवा दुर्बिणीतून नवी वाट करून दिली, तर बरीच मुलं शाळेत जातात, शिकतात. फक्त शंट तुंबू शकतो. शंट असलेलं मूल वारंवार उलट्या करू लागलं, डोकं दुखतं म्हणालं किंवा अवेळी पेंगू लागलं, तर पित्ताची गोळी देऊन वाट पाहू नये. त्याच दिवशी न्यूरोसर्जनकडे न्यावं.