पोर्ट ८०८०, मुक्काम मालवण

संगणक शिकायला आता सिंधुदुर्गाबाहेर पडावंच लागतं असं नाही. मालवणात शासकीय तंत्रनिकेतन आहे, कणकवलीजवळ हरकुळ बुद्रुकला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पदविकेच्या ‘ॲडव्हान्स्ड जावा’मध्ये सॉकेट येतं, मग डेटाबेस, की लगेच सर्व्हलेट. सॉकेटमधून नुसते बाइट ये-जा करतात. सर्व्हलेटच्या वेळी टॉमकॅट सगळं आयतं हातात देतो. मधली गोष्ट, म्हणजे ब्राउझर नेमकं काय मागतो आणि काय दिल्यावर त्याचं समाधान होतं, ती निसटते. शंभरेक ओळींचा स्वतःचा वेब सर्व्हर लिहायचा तो एवढ्यासाठी. त्याला इंटरनेट लागत नाही, ही इथली आणखी एक सोय. टॉवर गेला तरी १२७.०.०.१ हा संगणकाचा स्वतःचा पत्ता जागेवरच असतो.

१९९० साली टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत पहिला वेब सर्व्हर चालवला, तेव्हाची विनंती एका ओळीची होती: ‘गेट’ आणि पुढे पानाचा मार्ग. आज त्या ओळीखाली हेडरांची रांग लागते आणि शेवटी एक रिकामी ओळ. उत्तराचाही तोच साचा. उत्तरातली ती रिकामी ओळ विसरली की पान कोरं राहतं आणि बाकावरून आवाज येतो, ‘काय दिसणा नाय!’

सी किंवा पायथनमध्ये लिहिलं तर पायऱ्या सुट्या दिसतात: सॉकेट, बाइंड, लिसन, ॲक्सेप्ट. जावा पहिल्या तीन एकाच ओळीत गुंडाळतो; शिकणाऱ्याच्या दृष्टीनं हे काही बरं नाही. खरा घोळ होतो तो ॲक्सेप्टपाशी. मालवण जेटीवर सिंधुदुर्ग किल्ल्याचं तिकीट खिडकीवर मिळतं, पण माणूस जातो होडीनं. लिसन करणारं सॉकेट ही खिडकी. ॲक्सेप्ट दर वेळी नवं सॉकेट देतं, ती होडी. पण नावाडी एकच असेल तर गेलेला प्रवासी परतेपर्यंत बाकीचे जेटीवर उभे.

सर्व्हर चालला म्हणजे काम झालं, असं नाही. चाचणी इथून पुढे. पहिली चाचणी मराठीत घ्यावी. पानावर फक्त ‘मालवण’ एवढाच मजकूर ठेवावा. जावाला लांबी विचारली तर तो ५ सांगतो, आणि विद्यार्थी तोच आकडा ‘कन्टेंट-लेंथ’मध्ये भरतो. पण हे हेडर बाइट मोजतं, आणि यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, कानासुद्धा, तीन बाइट घेतं. हवे होते १५. ब्राउझर पाच बाइट घेऊन थांबतो: ‘म’ नीट उमटतो, कान्याचे दोनच बाइट पोचलेले असतात, आणि त्याच्या जागी प्रश्नचिन्हाची चौकट. इंग्रजी शब्दावर ही चूक कधीच सापडली नसती, कारण तिथे अक्षरं आणि बाइट सारखेच भरतात; बहुतेक पुस्तकांतली उदाहरणं तर ‘हॅलो वर्ल्ड’ची. फाइलचं नाव मराठीत ठेवलं तर पुढची गंमत. ब्राउझर ते नाव टक्केचिन्हांत बदलून पाठवतो, ‘मालवण’साठी पंधरा टक्केचिन्हं. सर्व्हरनं ती उलगडली नाहीत तर फाइल डोळ्यांसमोर असूनही ४०४.

दुसरी चाचणी संथपणाची. त्याच संगणकावरून केलेली विनंती बहुधा एका घासात येते, म्हणून एकदाच ‘रिसीव्ह’ करणारा प्रोग्राम बिनबोभाट चालतो. टेलनेटनं जोडून एक ओळ टाइप करावी, थांबावं, मग दुसरी. अर्ध्या विनंतीवर उत्तर देऊन मोकळा होणारा सर्व्हर लगेच पकडला जातो. आता काहीच न लिहिता नुसतं जोडून बसावं आणि शेजारच्या मोबाइलवरून पान मागावं. एका धाग्यावर चालणारा सर्व्हर हलत नाही. क्रोम तर आगाऊच रिकामी जोडणी उघडून ठेवतो, त्यामुळे कधी कधी हा अनुभव न मागता मिळतो.

तिसरीला महावितरणची मदत होते. तौक्ते वादळानंतर, मे २०२१मध्ये, मालवण-देवगड पट्ट्यातली कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. एरवीच्या पावसाळ्यातही वीज येऊन-जाऊन असते. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, वायफायचा राउटर मात्र बंद पडतो. समोरचा मोबाइल निरोप न घेता नाहीसा होतो आणि टीसीपीला त्याचा पत्ताही लागत नाही. वाचत बसलेलं सॉकेट तसंच वाचत बसतं. नेटस्टॅटमध्ये ही जोडणी ‘एस्टॅब्लिश्ड’ म्हणूनच दिसते. उपाय एका ओळीचा आहे: वाचनाला कालमर्यादा घालणं. शहरातल्या प्रयोगशाळेत हा बिघाड मुद्दाम घडवावा लागतो. इथे फक्त सर्व्हर चालू ठेवायचा.

मार्गात दोन टिंबं आणि तिरकी रेघ घालून आपल्या फोल्डरबाहेरची फाइल मिळते का, हेही बघून टाकावं. बहुतेकांच्या पहिल्या सर्व्हरवर मिळते.

एवढं झाल्यावर एनजिनएक्स हा तयार वेब सर्व्हर बसवून त्याची नोंदवही उघडावी. तिथे अधूनमधून ४९९ हा आकडा भेटतो. एचटीटीपीच्या अधिकृत यादीत तो नाही. एनजिनएक्सनं स्वतःपुरता ठरवलेला आहे. उत्तर तयार होण्याआधीच मागणारा जोडणी तोडून गेला, एवढाच त्याचा अर्थ. राउटर बंद पडतो तेव्हा मात्र हा आकडाही लगेच उमटत नाही, कारण जोडणी तुटल्याचं एनजिनएक्सला तरी कोण सांगणार?