पंचावन्न टक्क्यांची अंगाई

स्नॉरलॅक्स वाटेत आडवा झोपलेला असतो. लॅव्हेंडर गावाच्या दक्षिणेला बारा नंबरचा रस्ता लागतो. रस्ता कसला, पाण्यावरचा लांबलचक पूलच. जागोजागी गळ टाकून बसलेली माणसं आणि मधोमध हा ढेरपोट्या डोंगर. तो उठल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्याला उठवायची पोके फ्लूट लॅव्हेंडरच्या फुजी आजोबांकडून मिळते. ती माझ्याकडे होती. बासरी वाजवून त्याला जागं करायचं आणि जागा झाला की गाणं म्हणून लगेच पुन्हा झोपवायचं आणि झोपेतच पकडायचं, असा माझा बेत.

"मामा, तू पण ना!" भाची म्हणाली. 2004 सालचा 'पोकेमॉन फायररेड' आणि तो चालवणारा जुना गेमबॉय अ‍ॅडव्हान्स, दोन्ही तिचेच. "तुझ्या आयव्हीसॉरकडे स्लीप पावडर आहे. पंचाहत्तर टक्के लागते ती. गाणं कशाला?"

प्रश्न रास्त होता. 'सिंग' नावाच्या या चालीची अचूकता अवघी 55. हिप्नॉसिसची 60, स्लीप पावडरची 75, आणि पॅरासेक्टसारख्यांच्या स्पोरला तर 100. म्हणजे झोप आणणाऱ्या मंडळींत गाण्याला शेवटचं पान. पण 2003 साली कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन हिंदीतून सुरू झालं, तेव्हापासून भाचीच्या शेजारी बसून मी जिगलीपफ बघत आलोय. गुलाबी फुग्यासारखी ती माइक धरून गायला लागायची, ऐकणारे एकजात आडवे व्हायचे, आणि आपलं गाणं शेवटपर्यंत कुणी ऐकलं नाही म्हणून ती गाल फुगवून झोपलेल्यांच्या तोंडावर मार्करने रेघोट्या ओढायची. कार्टूनमधलं गाणं सहसा चुकत नाही. गेममधलं जवळजवळ निम्म्या वेळा चुकतं. मला त्या चुकण्याचंच कुतूहल होतं.

माझी जिगलीपफ तीन नंबरच्या रस्त्यावर पकडलेली. गाणं ती जन्मतःच शिकून येते. पुढे माउंट मूनमध्ये सापडलेला मून स्टोन देऊन मी तिचा विगलीटफ केला होता. हे महत्त्वाचं, कारण जिगलीपफ स्नॉरलॅक्सपेक्षाही संथ आहे, विगलीटफ नाही. आधी गायला मिळालं तरच गाण्याला अर्थ.

आतलं यंत्र साधं आहे. प्रत्येक गाण्याला गेम एक ते शंभरमधला एक आकडा काढतो. पंचावन्न किंवा त्याखाली आला तर झोप, वर गेला तर नुसतेच सूर. झोप लागली की दुसरा आकडा निघतो, दोन ते पाचमधला, आणि तो खेळणाऱ्याला दिसत नाही. झोपलेल्याच्या प्रत्येक पाळीला त्यातला एक कमी होतो. शून्यावर आला की तो उठतो आणि त्याच पाळीत वार करतो. 1996 सालच्या पहिल्या जपानी गेममध्ये ही झोप सात पाळ्यांपर्यंत चालायची, वर उठण्याची पाळीही वाया जायची. पुढच्या गेममध्ये ती आखडत तीन पाळ्यांवर आली. खेळणाऱ्यांनी झोपेचा फारच गैरफायदा घेतला असणार.

सेव्ह केलं. बासरी वाजवली. डोंगर उठला.

आयव्हीसॉरने त्याची ताकद चौथाईवर आणली आणि मी विगलीटफला पुढे केलं. त्या पाळीत स्नॉरलॅक्सने चक्क घोरण्याचा प्रयत्न केला. जागेपणी घोरता येत नाही, त्यामुळे वार फुकट गेला. आम्ही दोघं हसलो. मग गाणं. पडद्यावर चार सूर वाजले, रंगीत स्वरचिन्हं तरंगत त्याच्या अंगावर गेली आणि खाली ओळ आली: नेम चुकला. हेडबट बसला, निम्म्याहून जास्त जीव गेला. पुन्हा गाणं, पुन्हा चुकलं, पुन्हा हेडबट. विगलीटफ कोसळला. लागोपाठ दोन गाणी वाया जाण्याची शक्यता वीस टक्के, म्हणजे पाचांतून एकदा. तो एकदा माझ्या वाट्याला पहिल्याच खेपेला आला.

"पावडर," भाची एवढंच म्हणाली.

पावडर नाकात जाते आणि माणूस पडतो, त्यात काही नातं नाही. गाणं ऐकावं लागतं. या गेमनेही ते मनावर घेतलंय. व्होल्टॉर्ब किंवा मिस्टर माइमकडे साउंडप्रूफ गुण असला तर त्यांच्यापुढे गायचंच नाही, आवाज पोचतच नाही. 2013 च्या 'एक्स' आणि 'वाय'पासून पुढ्यात उभ्या केलेल्या पुतळ्यालाही सूर ओलांडून जातात. पुतळ्याआड लपलेल्याला वार लागत नाही, गाणं मात्र ऐकू जातं. आणि पंचावन्न हा आकडा! ज्याने कुणी तो ठरवला त्याने कधीतरी रात्री दोन वाजता तान्ह्या बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या घातल्या असाव्यात, असं मला उगाच वाटतं. या भाचीलाच मी एकेकाळी तसं थोपटलंय. डोळे मिटले म्हणून पाळण्यात ठेवावं तर टक्क उघडे.

सेव्ह केलं होतं तिथून पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या खेपेला पुढे येता येताच विगलीटफने हेडबट खाल्ला. गायला एकच संधी उरली. गायलो. स्नॉरलॅक्सचे डोळे मिटले.

आता घाई. स्नॉरलॅक्सला 'रेस्ट' येते. ती त्याने वापरली असती तर तो स्वतःच झोपला असता आणि झोपता झोपता पूर्ण बराही झाला असता. मी आणलेल्या झोपेत तो बरा होत नाही, आणि झोपलेल्याला पकडण्याची शक्यता दुप्पट होते. ग्रेट बॉलने सुमारे बारा टक्के होती ती पंचविसाच्या जवळ गेली. पहिला बॉल फुटला. आणि मग तो घोरला. 'स्नोर' ही चाल फक्त झोपेतच चालते, म्हणजे ती मीच त्याच्या हातात दिली होती. विगलीटफकडे कसाबसा दहावा हिस्सा जीव उरला. दुसरा बॉलही फुटला, पण या पाळीला तो नुसता झोपून राहिला. न दिसणारा आकडा कुठवर उतरला असेल ते मोजत मी तिसरा टाकला. एक हेलकावा, दोन, तीन. टक्.

चमूच्या यादीत त्याचं नाव आलं. नावापुढे झोपेची पट्टी तशीच. पकडला गेला तरी झोप मोडली नव्हती.

"आता उठव त्याला," भाची म्हणाली.

मी पिशवीतून पुन्हा बासरी काढली.